घरात करोना, मुलाला खोकला नाही पण जुलाब-उलट्या: कशाला भ्यायचं?

अबोलीचा_गजरा (डिचोली)

नमस्कार मंडळी. आधी शोधून पाहिलं. २०२१ चे दोन-तीन धागे सापडले, पण त्यांत सगळी चर्चा ऑक्सिजन आणि खोकल्याची. माझा प्रश्न पोटाचा आहे.

आमच्याकडे आधी सासऱ्यांना ताप-खोकला झाला. त्यांना दमा आहे म्हणून डॉक्टरांनी तपासणी करायला लावली, करोना निघाला. मग यांचा घसा धरला, मग माझा. धाकट्याला, वय साडेचार, सर्दी नाही की खोकला नाही. थेट ताप आणि पोट. काल दुपारपासून उलट्या, रात्रीपासून पाण्यासारखे जुलाब. सकाळी दाखवून आणलं. डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, ओआरएस आणि झिंक द्या, लघवीवर लक्ष ठेवा. आत्ता झोपलाय, मधूनमधून पितोय, संध्याकाळी शू केली. म्हणजे आत्ता या घडीला हातपाय गाळण्यासारखं काही नाही.

पण घरात जितकी तोंडं तितकी मतं. सासूबाई म्हणतात विहिरीला गढूळ पाणी आलंय, तेच बाधलं. नणंद फोनवर सांगते, करोना मुलांच्या पोटातच जातो, लगेच ॲडमिट कर. शेजारच्या वहिनींनी जुलाब बांधायची गोळी आणून दिली, ती अजून दिलेली नाही.

नुसत्या जुलाबांना करोना म्हणायचं का? त्याचीही तपासणी करून घ्यायची का, आणि केली तर पुढे काय बदलणार? ज्यांनी मुलांमध्ये हे पाहिलंय त्यांनी सांगा.

माई_म्हापसा

बाय, आधी तू जेवलीस का ते सांग. आजारी पोराच्या आईला कोणी विचारत नाही.

उकड्या तांदळाची पेज कर, मऊ शिजव, वरची निवळ काढून चिमूटभर मीठ घाल आणि कोमट असताना पाज. आमची चार पोरं यावरच उठली. तिवळ (कोकमाचं पाणी) दिलीस तर साखर घालू नकोस, मीठच घाल. आणि चहा-बिस्कीट अजिबात नाही, कितीही रडला तरी.

शंकेखोर

करोना संपून किती वर्षं झाली? जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये आणीबाणी उठवली. आता प्रत्येक शिंकेला आणि प्रत्येक जुलाबाला करोना म्हणायची हौस कशाला? पावसात पोरांची पोटं बिघडतात. आमच्या लहानपणीही बिघडत होती.

केपेकर

@शंकेखोर, आणीबाणी उठली, विषाणू नाही उठला. त्याच वर्षी डिसेंबरात देशात जेएन.१ या करोनाच्या नव्या उपप्रकाराचे २१ रुग्ण जाहीर झाले तेव्हा त्यांतले १९ गोव्यातले होते. विसरलात?

आणि ताईंच्या घरात तपासणी करूनच निघालाय. हौस कसली त्यात.

बांबोळी_माजी

गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात) बालरोग विभागात निवासी डॉक्टर होते, आता बाहेर काम करते. मुलाला न पाहता निदान करणार नाही. पण प्रश्न सगळ्यांच्या उपयोगाचा आहे म्हणून जरा सविस्तर.

करोना पोटात जातो का? जातो. हा विषाणू पेशीत शिरताना एसीई-२ नावाच्या प्रथिनाला चिकटतो, आणि ते प्रथिन लहान आतड्याच्या अस्तरात भरपूर असतं, फुप्फुसापेक्षाही जास्त. २०२० मध्येच नेदरलँड्समधल्या संशोधकांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी आतड्याच्या पेशींवर विषाणू सोडून पाहिला. तो तिथे चांगलाच वाढला. त्याच वर्षी चीनमधल्या ग्वांगझौहून दहा मुलांचा अहवाल आला. त्यांतल्या आठ जणांच्या गुदद्वारातून घेतलेल्या नमुन्यात विषाणू सापडत राहिला, नाकातला नमुना निगेटिव्ह आल्यावरसुद्धा. मुलं दहाच, त्यामुळे त्यावर मोठा इमला बांधू नये. शिवाय विषाणूचे अंश सापडणं वेगळं आणि त्यातून दुसऱ्याला लागण होणं वेगळं. करोना पसरतो तो मुख्यतः श्वासावाटेच.

तेव्हा नणंदेचं म्हणणं निम्मं खरं आहे. काही मुलांत खोकला नसतोच, ताप आणि पोट एवढंच असतं. पण जुलाब बघून मागे जाऊन ‘हा करोना’ असं म्हणता येत नाही. रोटा, नोरो, ॲडिनो हे विषाणू, विहिरीचं पाणी, सगळ्यांचे जुलाब दिसायला सारखेच. सासूबाईही बरोबर असू शकतात! पाणी उकळून घ्या, ते तसंही करायलाच हवं.

तपासणीने काय बदलेल? तुम्ही वर्णन केलेल्या मुलात आजच्या उपचारात काहीच नाही. घरात आणखी तिघांना तेच झालंय, त्यालाही तेच आहे असं धरून चाला. मूल भरती करायची वेळ आली, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा जुना आजार असला, कॅन्सरचे उपचार चालू असले किंवा ताप लांबला, तर मात्र तपासणी हवी.

खरं सांगायचं तर पावसाळ्यात तापाबरोबर पोटदुखी आणि उलट्या दिसल्या की माझ्या डोक्यात करोनाच्या आधी डेंग्यू येतो. डेंग्यूत ताप उतरतो, घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि नेमकं तेव्हाच मूल ढासळतं. शेतात, चिखलात खेळणारी मोठी मुलं असली तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). ताप आठवडाभर रेंगाळला तर टायफॉइड. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापही आहे, तो बहुतेक उन्हाळ्याकडे. म्हणून एक नियम ठेवा: तापाला फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड स्वतःच्या मनाने नको. डेंग्यू असला तर रक्तस्रावाचा धोका, आणि अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती औषधं मूत्रपिंडावर येतात.

आता भ्यायचं कशाला? आजाराच्या नावाला नाही, अंगातलं पाणी कमी होण्याला. मुलाने सहा-आठ तासांत शू केली नाही, डोळे खोल गेले, रडतोय पण अश्रू नाहीत, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर सावकाश बसते, किंवा एरवी घर डोक्यावर घेणारा पोरगा नुसता पडून राहतोय आणि पेला तोंडाशी नेला तरी घेत नाही, तर रात्र-पहाट बघू नका. उलटी हिरवी झाली, शौचात रक्त आलं, पोट सतत दुखतंय आणि हात लावू देत नाही, श्वास जोरात चाललाय, तरीही निघा. घरात तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल आणि त्याला नुसता ताप आला तरी त्याच दिवशी दाखवायचं, जुलाब असोत नसोत.

अबोलीचा_गजरा

डॉक्टर, खूप आभार. माई, जेवले हो 🙂 पेज लावलीय.

पण तो ओआरएस पीत नाही. चमचा बघितला की तोंड फिरवतो. दुकानातून ती टेट्रापॅकवाली सफरचंदाच्या चवीची आणली, ती गटागट प्याला. ती चालेल ना?

फार्मसीवाला_फोंडा

ताई, थांबा. माझा विषय आला.

आधी त्या डब्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. साखर किती, सोडियम किती. दुकानात वर्षानुवर्षं ओआरएसच्या नावाखाली गोड सरबतं विकली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ शिवरंजनी संतोष यांनी बरीच वर्षं भांडून हा विषय लावून धरला, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने सांगितलं की ठरलेल्या सूत्राचं नसेल तर ओआरएस हे नाव लावायचंच नाही. तरीही गिऱ्हाईक काउंटरवर येतं आणि बोट दाखवून म्हणतं, ‘ते गोडवालं द्या, पोरगं तेच पितं.’ पिणारच! साखर जास्त असली की ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढतात.

खऱ्या पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र असं लिहिलेलं असतं. एक लिटरच्या पुडीत साधारण साडेवीस ग्रॅम पावडर: मीठ २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, सोडियम सायट्रेट २.९. ग्लुकोज चवीसाठी नसतं. जुलाबात आतडं बिघडलं तरी ग्लुकोजबरोबर सोडियम आत घेण्याची वाट बहुतेक शाबूत राहते, आणि सोडियमच्या मागून पाणी जातं. प्रमाण चुकलं की सगळंच फिसकटतं.

आता प्रमाण चुकतं कुठे, तर बाटलीत. आपल्या गोव्यात घरोघरी पाण्याला फेणीची रिकामी बाटली असते. धुऊन, पुसून, फ्रिजच्या दारात. ती ७५० मिलीची! लोक त्यात लिटरची पुडी ओततात आणि समजतात झालं. मिश्रण तिसऱ्या हिश्शाने जास्त दाट होतं. २००२ मध्ये संघटनेने जुनं ३११ मिलिऑस्मोलचं (लिटरमध्ये किती कण विरघळलेत त्याचं माप) द्रावण बदलून २४५ चं हलकं द्रावण आणलं, कारण हलक्याने उलट्या-जुलाब कमी होतात असं दिसलं. फेणीच्या बाटलीत तुम्ही परत जुन्याच्याही पुढे, सव्वातीनशेच्या घरात जाता. उलट टोकाचेही लोक आहेत, ‘थोडं थोडं लागेल तसं’ म्हणून पेल्यात अंदाजाने चिमूट टाकणारे. पिण्याच्या पाण्याची लिटरची प्लास्टिकची बाटली घ्या, पूर्ण भरा, पूर्ण पुडी घाला. कमी लागणार असेल तर २०० मिलीवाली छोटी पुडी मिळते, ती मागा. केलेलं चोवीस तासांनी ओतून टाका.

जुलाब बांधायची गोळी लहान मुलाला द्यायचीच नाही. लोपेरामाइड असेल ती. आतड्याची हालचाल थांबते, घाण आतच राहते, आणि पोट फुगून मूल सुस्त पडू शकतं. वहिनींचा हेतू चांगला, गोळी परत करा.

झिंक मात्र जुलाब थांबले तरी सोडू नका. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, चौदा दिवस. सहा महिन्यांखालच्याला १०. चमच्यात थोडं पाणी घेऊन गोळी टाकली की विरघळते.

आणि पॅरासिटामॉलचं एक सांगतो, कारण यात गोंधळ रोज बघतो. थेंबांच्या बाटलीत एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं. सिरप कुठलं पाच मिलीत १२० चं, कुठलं २५० चं. थोरल्या भावाची बाटली धाकट्याला ‘तेवढंच’ म्हणून दिली की दुप्पट जातं. चमचा बघून देऊ नका, बाटलीवरचा आकडा आणि मुलाचं वजन बघून डॉक्टरांनी लिहिलेलं द्या.

माई_म्हापसा

अरे देवा. आमच्याकडे फेणीचीच बाटली आहे.

केपेकर

माई, सगळ्यांकडे तीच आहे 😄

बांबोळी_माजी

फार्मसीवाल्यांना अनुमोदन. पाजायची पद्धत तेवढी सांगते. उलटी झाली की दहा मिनिटं काहीच द्यायचं नाही. मग एक चमचा. एक-दोन मिनिटांनी दुसरा चमचा. पेलाभर एकदम पाजला की पोट ताणतं आणि सगळं बाहेर. प्रत्येक पातळ जुलाबामागे दोन वर्षांखालच्याला ५० ते १०० मिली, त्यावरच्याला १०० ते २०० मिली. ओआरएस थंड करून दिलं तर खारटपणा कमी जाणवतो. चमच्याला तोंड फिरवत असेल तर बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या आत सोडा, बऱ्याच मुलांना तो खेळ वाटतो.

माईंची मीठ घातलेली पेज उत्तम. शहाळंही चालेल, पण ओआरएसच्या जोडीला. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी, आणि जुलाबात जास्त जातं ते सोडियम. नाचणीचं तिजाण, मऊ भात, केळं, जे खाईल ते द्या. पोटाला आराम म्हणून उपाशी ठेवू नका. अंगावर पिणारं बाळ असेल तर दूध तोडायचं नाही, आईला करोना असला तरी नाही. आईने मास्क लावावा.

शंकेखोर

बरं, मुद्दा पटला. मग एक खरा प्रश्न. करोनाचे जुलाब बाकीच्यांसारखेच, उपचार तोच, तपासणीही नको. तर मग करोना होता की नव्हता याने फरक पडतच नाही, असंच ना?

वाळपईकर

पडतो. पण त्या आठवड्यात नाही. नंतर.

२०२१ ची गोष्ट. दुसऱ्या लाटेत ताईच्या घरी सगळ्यांना करोना झाला. भाची तेव्हा नऊ वर्षांची, तिला दोन दिवस बारीक ताप आला आणि गेला. पुढे महिनाभर पोरगी मस्त. मग पाऊस लागल्यावर एकदम ताप चढला, उतरेना. पोटात दुखायला लागलं, तेही उजव्या बाजूला खाली. उलट्या, थोडे जुलाब. एका खासगी दवाखान्यात नेलं, तिथे सांगितलं अपेंडिक्स वाटतंय, ऑपरेशनची तयारी ठेवा. तापात भाजत असलेली पोर, ताई रडतेय, भावजी पैशांची जमवाजमव करतायत.

तिथल्या एका परिचारिकेने विचारलं, हिचे डोळे कधीपासून लाल आहेत? आमच्यापैकी कोणी ते बघितलंच नव्हतं. चिकटा नाही, पू नाही, नुसते लालबुंद, दोन्ही. ओठ फाटलेले. हाताला पुरळ. तिने मग विचारलं घरात करोना कधी झाला होता. सोनोग्राफीत अपेंडिक्सला काही नव्हतं, आजूबाजूच्या गाठी सुजलेल्या आणि पोटात थोडं पाणी. तोवर रक्तदाब खाली जायला लागला. १०८ ने बांबोळीला हलवली. आयसीयूत होती, शिरेतून महागडं इंजेक्शन दिलं, स्टिरॉइड दिलं, हृदयाची सोनोग्राफी परत परत केली. आज ठणठणीत आहे, सायकल दामटते. पण त्या परिचारिकेने तारीख विचारली नसती तर पोट उघडलं असतं.

बांबोळी_माजी

वाळपईकर, नेमकं लिहिलंत. @शंकेखोर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हेच.

याला एमआयएस-सी (मुलांमधला अनेक अवयवांचा दाह) म्हणतात. एप्रिल २०२० च्या अखेरीस लंडनच्या डॉक्टरांनी पहिला इशारा दिला: धडधाकट मुलं, करोनाची लागण होऊन गेलेली, आणि काही आठवड्यांनी अंगभर दाह. १५ मे २०२० ला जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या दिली. लागणीनंतर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी येतो. विषाणू बहुधा निघून गेलेला असतो. चोर पळाल्यावर गावकऱ्यांनी चेवात आपलीच कौलं फोडावीत तशी प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उठते.

आणि पोटाचा संबंध इथे सगळ्यात जास्त. अमेरिकेतल्या २६ राज्यांमधल्या १८६ मुलांचा अभ्यास जून २०२० मध्ये आला. त्यांतल्या ९२ टक्के मुलांमध्ये पचनसंस्थेवर परिणाम होता, हृदय आणि रक्ताभिसरणावर ८० टक्क्यांमध्ये. श्वसनाचा त्रास त्याहून कमी मुलांना. चार मुलं दगावली. म्हणजे करोनाचा म्हणून ओळखला जाणारा हा आजार दारात येतो तो पोटदुखी, उलट्या, जुलाब यांच्या रूपात. लहान आतड्याचा शेवटचा भाग आणि त्याच्या बाजूच्या गाठी सुजतात, त्या अपेंडिक्सच्या अगदी शेजारी, त्यामुळे हात लावून फरक कळणं भल्याभल्या सर्जनला कठीण. पहिल्या दवाखान्याला मी दोष देणार नाही. उजवीकडे खाली दुखणारं तापलेलं मूल म्हणजे अपेंडिक्स, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात.

व्याख्येत तीन किंवा जास्त दिवसांचा ताप आहे, रक्तात दाहाच्या खुणा आहेत (सीआरपी खूप वाढलेलं), आणि पोट, पुरळ किंवा लाल डोळे, कमी रक्तदाब, हृदय, रक्त गोठण्यातला बिघाड यांपैकी किमान दोन. हृदयाच्या धमन्या फुगू शकतात म्हणून इको (हृदयाची सोनोग्राफी) करतात. उपचार इम्युनोग्लोब्युलिन (वाळपईकरांनी लिहिलेलं ते शिरेतलं इंजेक्शन) आणि स्टिरॉइड; वेळेत मिळाले तर बहुतेक मुलं पूर्ण बरी होतात.

घाबरवण्यासाठी लिहीत नाही. मुळातच दुर्मीळ, आणि ओमायक्रॉननंतर आणखी दुर्मीळ झालाय. गेल्या काही वर्षांत मला स्वतःला क्वचितच दिसला. पण आपल्याकडे बारा वर्षांखालच्यांना सरकारी मोहिमेत करोनाची लस दिली गेली नाही, तेव्हा ‘गेलाच’ असंही म्हणवत नाही.

म्हणून ताई, एकच काम करा: स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर आजची तारीख गोल करून ‘घरात करोना’ असं लिहा. पुढच्या दीड महिन्यात मुलाला पुन्हा ताप आला आणि सोबत पोट, डोळे किंवा पुरळ असेल, तर डॉक्टरांना पहिल्या वाक्यात ती तारीख सांगा. आम्ही विचारायला विसरू शकतो. ओपीडीत बाहेर पन्नास जण बसलेले असतात.

शंकेखोर

समजलं. मग अँटीबॉडी तपासून घेतली तर आधी झाला होता की नाही ते कळेल ना? तारखेची भानगडच नको.

बांबोळी_माजी

२०२० मध्ये तिला अर्थ होता. आता बहुतेक मुलांना कधी ना कधी करोना होऊन गेलाय, त्यामुळे पॉझिटिव्ह आली तरी गेल्या महिन्यातला की तीन वर्षांपूर्वीचा हे ती सांगत नाही. कॅलेंडर फुकट आहे आणि जास्त सांगतं.

केपेकर

एक माझं. आमच्याकडे मागच्या खेपेची ॲझिथ्रोमायसिन उरली होती, ती शेजारी मागायला आले पोराच्या जुलाबाला. दिली नाही तर राग. २०२१ मध्ये अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आयव्हरमेक्टिन वाटायची घोषणा झाली होती आपल्या राज्यात, जागतिक आरोग्य संघटना नको म्हणत असताना. तेव्हापासून लोकांना वाटतं करोना म्हणजे घरात एक गोळी हवीच.

फार्मसीवाला_फोंडा

विषाणूच्या जुलाबाला अँटिबायोटिक देऊन उपयोग शून्य, उलट त्यानेच पोट आणखी बिघडतं. शौचात रक्त असेल, कॉलरा-टायफॉइडचा संशय असेल तर डॉक्टर लिहितील. उरलेली बाटली पातळ केलेली असेल तर तशीही काही दिवसांनी निकामी, फेकून द्या. राग आला तर येऊ दे, माझ्या दुकानात रोज दोन जण रागावून जातात.

पणजीची_मास्तरीण

शाळेच्या बाजूने विचारते. पहिली-दुसरीच्या वर्गात एकाला उलट्या झाल्या की पुढच्या सोमवारी पाच बाकं रिकामी. पालक ताप उतरला की दुसऱ्याच दिवशी डबा घेऊन पाठवतात, दोघेही नोकरीला, त्यांचीही अडचण कळते. किती दिवस ठेवायला सांगायचं? आणि वर्गात सॅनिटायझर आहे, पुरे ना?

बांबोळी_माजी

ताप औषधाशिवाय चोवीस तास नसावा आणि शेवटच्या पातळ जुलाब-उलटीनंतर दोन दिवस गेलेले असावेत. करोना असो वा नसो, हेच धरा.

सॅनिटायझर पुरे नाही. करोनाभोवती चरबीचं आवरण असतं, ते साबणानेही फुटतं आणि अल्कोहोलनेही. पण नोरोला तसं आवरणच नाही, अल्कोहोल त्याच्यावर फारसं चालत नाही. वर्गात कुठला आहे ते तुम्हाला कळणार नाही, म्हणून शौचालयानंतर आणि डब्याआधी साबण आणि वाहतं पाणी. घरीही तेच, ताई. मुलाची चड्डी धुतल्यावर, फरशी पुसल्यावर. हात साबणाने चोळून धुवायचे, नुसते पाण्याखाली धरायचे नाहीत.

पणजीची_मास्तरीण

नळाला पाणी असेल त्या दिवशी नक्की! (आमच्याकडे टँकर येतो तेव्हाच साबण आठवतो. असो.) नियम छापून दारावर लावते.

अबोलीचा_गजरा

सगळ्यांचे आभार. सिरिंजची युक्ती चालली, थंड ओआरएस भरून त्याने स्वतःच पिचकारी मारली, अर्धी तोंडात, अर्धी माझ्या गाऊनवर. उलट्या थांबल्यात, जुलाब चालू आहेत पण कमी. आज ‘भूक लागली’ म्हणाला. टेट्रापॅक सासऱ्यांनी संपवला. गोळी वहिनींना परत केली, त्या जरा फुगल्यात. तारीख लिहिली.

एक शेवटचं. आज दूध मागितलं, दिलं, तर तासाभरात पुन्हा दोनदा पातळ झाली, आंबट वासाची, आणि ढुंगण लालभडक. दूध बंद करू का? सासूबाई म्हणतात महिनाभर बंदच ठेव.

बांबोळी_माजी

महिनाभर नको. जुलाबात आतड्याचं अस्तर सोलवटतं, दुधातली साखर पचवणारा रस काही दिवस कमी पडतो, म्हणून तसं होतं. आठवडाभर नुसतं दूध कमी करा, दही आणि ताकभात द्या, मग थोडं थोडं दूध सुरू करा. त्यानंतरही होत राहिलं किंवा वजन उतरलं तर दाखवा. ढुंगणाला दर वेळी कोमट पाण्याने धुऊन, टिपून कोरडं करा आणि झिंक ऑक्साइडचं मलम जाडसर लावा. ओले वाइप्स नकोत, चरचरतात.

माई_म्हापसा

आणि खोबरेल तेल?

बांबोळी_माजी

चालेल, माई. आधी कोरडं करून.